डावा हात अंगाला

आमचे सर डावा हात अंगापासून सोडायचे नाहीत. दंड बरगडीला टेकलेला, कोपर पोटाशी, आणि कोपराच्या पुढचा हात तेवढा मोकळा. सायकल चालवताना तसंच, फळ्यावर मैदान आखताना तसंच, जेवायला बसले तरी तसंच. ताडकळसच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. म्हणजे ज्या माणसानं पोरांकडून 'हात वर, हात खाली' करून घ्यायचं, तोच अर्धी कवायत करायचा. आमी पाचवीत गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सगळा वर्ग त्यांचं बघून एकच हात वर करायला लागला. सर ओरडले, "माझं बघू नका रे! मी सांगतो ते करा!" असं वागणारे शिक्षक लय बघितले मी, पण तोंडानं कबूल करणारे हे एकटेच.

आता एवढं दिसल्यावर गाव गप बसेल होय? सर फौजेतून आलेले, म्हणून कुणी म्हणायचं गोळी लागली. कुणी म्हणायचं हातावरून वारं गेलंय. बायका म्हणायच्या साप चावला होता, मांत्रिकानं हात बांधून दिला तो दिलाच. शाळेसमोरच्या हॉटेलातला मालक तर रोज विचारायचा, "मास्तर, काखेत कळसा धरलाव का काय?"

"हाय की," सर म्हणायचे. "तू गावाला वळसा घालून ये, तवर माझा चहा उकळू दे."

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्या हाताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा राग सरांच्या गळ्यावर होता. हे जरा नीट सांगायला पाहिजे. आमी लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली की इष्टलिंग मिळतं, पोराला बी आणि पोरीला बी. ते चांदीच्या डबीत घालून, दोरा बांधून गळ्यात ठेवायचं. सकाळी अंघोळ झाली की तळहातावर घेऊन भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि पुन्हा गळ्यात. जीव आहे तोवर ते अंगावेगळं करायचं नसतं. सर पेडगावचे, आमच्यातलेच. आणि सदऱ्याची वरची बटणं कायम उघडी टाकून हिंडायचे, त्यामुळं सगळ्या गावाला दिसायचं की ह्या माणसाचा गळा रिकामा आहे.

"फौजेत जाऊन सगळं सोडून आलाय त्यो," आप्पा म्हणायचे. "ज्यानं देव सोडला, त्यो तुला काय धरायला शिकवणार?"

हे बोलणं सरांच्या कानावर जात नव्हतं असं नाही. आमच्या लोकांच्या लग्नात त्यांना कुणी मानानं पुढं बसवायचं नाही. ते आपले मागं, चपलांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून मजेत बसायचे. कुणी टोमणा मारला तर त्याच्याकडं पेरणीची चौकशी करायचे. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना इज्जतीची काही फिकीरच नाही.

बसायचे म्हणजे तरी काय, अर्धा तास. मग उठून वाढायला लागायचे. आणि वाढायला लागले की त्यांच्यातला रग्बीवाला जागा व्हायचा. रग्बी ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगते. लंबुळका चेंडू असतो, तो हातात घेऊन पळायचं, समोरचे तुमाला मिठी मारून पाडतात, आणि चेंडू आपल्या गड्याला द्यायचा तर तो मागंच द्यावा लागतो. पुढं फेकला की शिट्टी. सगळा खेळ ह्या एका गोष्टीवर चालतो. सरांचं आयुष्यही त्याच्यावरच चालायचं. "म्हागं दे, पुढं पळ!" हे त्यांचं येता-जाता बोलणं. हॉटेलात चहाचा रिकामा कप समोर द्यायचे नाहीत, कमरेजवळून मागं करायचे, आणि मागं कुणी आहे का नाही हे बघायचेही नाहीत. कितीतरी कप फुटले. मालकानं शेवटी त्यांच्यासाठी स्टीलचा पेला ठेवला.

एकदा एका लग्नात पंगत खोळंबली होती. भाजी एकीकडं, भात एकीकडं, बुंदीची बादली कुठं गेली कुणाला पत्ता नाही, आणि नवरदेवाकडचे लोक हातावर हात ठेवून पत्रावळीकडं बघत बसलेले. सरांनी आमा पोरींना हाक मारली. एकीला पुढं पळवलं, तिच्या मागं तिरकी दुसरी, तिच्या मागं तिसरी. पुढची वाढत जाणार, बादली रिकामी झाली की मागं न बघता मागचीला देणार, मागची भरलेली घेऊन पुढं निघणार. एका दमात पंगत उठली. नवरीचा बाप म्हणाला, "मास्तर, ह्ये काय मंत्र हाय?" सर म्हणाले, "मंत्र न्हाई, लाईन हाय." त्या दिवसापासून आमाला लग्नाची बोलावणी यायला लागली, खेळायला नाही, वाढायला.

क्रिकेटचं मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. जत्रेतल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत सरांचं नाव पूर्णेपासून गंगाखेडपर्यंत होतं. फास्ट बॉलर जसा डावा हात वर नेऊन नेम धरतो तसं ते करायचेच नाहीत. डावा हात अंगाला, आणि कुठूनतरी कमरेमागून उजवा हात यायचा. बॅटवाल्याला हात दिसायचा तेव्हा चेंडू निम्म्या वाटेत असायचा. पन्नाशी ओलांडल्यावरही गाव त्यांना ओढून न्यायचं. पालमचा एक हिरो होता, डोळ्यावर गॉगल, बॅटवर स्वतःचं नाव. त्यानं सरांना पायजम्यात बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, त्यो हात इस्त्री करून ठेवलाव का? चुरगळंल म्हणून?" सगळं मैदान हसलं. सरही हसले. मग पळत आले आणि त्याचा मधला दांडा उपटून मागं नेऊन टाकला. तो अजून बॅट वर धरूनच उभा. सर त्याच्याजवळून जाताना म्हणाले, "हाताकडं न्हाई, बॉलकडं बघायचं असतंय, राजा."

तरी गावातली पोरं "सर, क्रिकेट शिकवा" म्हणून मागं लागली की ते नाही म्हणायचे. "क्रिकेट शिकवायला अख्खा गाव बसलाय. एकेका पारावर चार-चार कोच हायत. मला माझं करू द्या." त्यांचं म्हणजे रग्बी. पोरं फिरकली नाहीत. आमी पोरी गेलो, कारण क्रिकेटवाले आमाला मैदानावर पाय ठेवू देत नव्हते आणि सर बाजारतळावर शिकवायचे. बाजारतळाची ती काळी माती. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत, उन्हाळ्यात भेगा अशा की चप्पल आत जावी. कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाच्यातरी खळ्यावर जाऊन कापसाच्या बोचक्यांवर उड्या घ्यायच्या, म्हणजे टॅकल शिकायचं. "दोनी हातांनी कवळा! माय गावाहून आल्यावर कवळता तशी! फकस्त मांड्यांना!" सर ओरडायचे. आमी बोचक्याला मिठ्या मारायचो आणि केसांत सरकी घेऊन घरी यायचो. दाखवताना मात्र सर स्वतः कधी मिठी मारायचे नाहीत. तोंडानंच सांगायचे.

बाजाराच्या दिवशी बाजारतळ भरलेला, मग सराव कुठं करणार? सर म्हणाले, बाजारातच. कोथिंबिरीची जुडी काखेत दाबायची आणि ह्या टोकाहून त्या टोकाला पळत जायचं. माणसं, बैल, मोटारसायकली, उसाचा गाडा, सगळं चुकवायचं. कुणाला धक्का लागला तर दंड एकच, त्या माणसाचं सामान घरपोच करायचं. मी एकदा एका म्हातारीच्या वांग्यांवर गेले. तिचं टोपलं डोक्यावर घेऊन मला पार तिच्या गावातल्या दारापर्यंत जावं लागलं, आणि वाटेत तिनं मला सगळ्या सुनांच्या तक्रारी सांगितल्या. पुन्हा बाजारात कुणाला माझं बोटही लागलं नाही.

मी आता पालमला एका शाळेत खेळ शिकवते. रोज एसटीनं जाते-येते. तिथल्या बाजारात माझ्या पोरी कोथिंबीर घेऊन पळतात, आणि लोक मला शिव्या घालतात. ते असो. मला सांगायचंय ते मी बारावीत होते तेव्हाचं.

परभणीला जिल्ह्याचा सामना होता, आमचा पहिलाच खरा सामना. खेळायच्या आधी पंच बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. नखं दाखवा, कानातलं काढा, बांगड्या काढा, हातातले काळे दोरे तोडा. पोरी भराभर काढत होत्या. बाई माझ्यापुढं आल्या. "गळ्यातलं काढ."

"ह्ये काढत नसतेत बाई."

"मग खेळता येणार नाही. पाडापाडीत ती डबी कुणाच्या तोंडावर बसली तर दात पडतील."

बाईंचं काही चुकलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं. चुकलं होतं ते आमचं. सरावाला मी डबी बनियनच्या आत, घट्ट ओढणीनं बांधून पळायचे, आणि कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं की ही एक वस्तू आहे आणि कुणी ती काढ म्हणेल. उद्या कुणी म्हणालं, कान काढून ठेव आणि मग खेळ, तर तुमी आधी तयारी केलेली असते का? तसंच ते. मी रेषेबाहेर बसले. आमी हरलो. सर माझ्याजवळ आले, माझ्या गळ्याकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत उभे राहिले, आणि त्यांचा डावा हात अंगाला आणखीच घट्ट झाला.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात यायला पाह्यजे व्हतं."

घरी आप्पा खूश. "बरं झालं. देवानंच आडवलं. आता ह्यो खेळ बंद. बारावी कर आन् गुमान दुकानात बस." पुढच्या महिन्यात परभणीलाच निवडीचा सामना होता. त्यातून महाराष्ट्राच्या संघात पोरी घेणार होते. मी रडले, भांडले, आप्पांशी बोलणं टाकलं. आई म्हणाली, "काढू नको माय. पण रडू बी नको." मला काढायचं नव्हतंच. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझंच होतं ते, रोज सकाळी माझ्याच तळहातावर यायचं. आणि खेळही माझाच होता. दोन्ही माझंच असताना मी एक का सोडू, हे मला कुणी पटवून देऊ शकत नव्हतं.

आणि मग बाजाराच्या दिवशी सर आमच्या दुकानात आले. किराणा दुकान आमचं, त्या दिवशी गिऱ्हाइकांची रीघ. सायकल लावून सर सरळ गल्ल्यापुढं उभे राहिले.

"आप्पा, पोरीचं खेळणं बंद केलाव म्हणं."

"केलंय," आप्पा साखर मोजत म्हणाले. "तुमी मधी पडू नका मास्तर. तुमच्या गळ्यात काय हाय आन् काय न्हाई, ते दिसायलंय आमाला."

मी आतल्या दारात उभी होते, मला जमिनीत जावंसं वाटलं. सरांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. आप्पा म्हणाले, "आवं, ह्ये काय करायलाव?" सरांनी सदरा काढला, बनियन काढलं, आणि भर दुकानात उघडे उभे राहिले. खांद्यावरून छातीवर पांढऱ्या कापडाची पट्टी होती, आणि तिचं टोक डाव्या काखेत गेलेलं. उजव्या हाताची ओंजळ काखेखाली धरून त्यांनी डावा हात हळूच बाजूला केला, वीतभरच. पट्टी सोडली. कापसाचा गोळा, त्याच्या आत मऊ कापड, आणि त्याच्या आत लिंग. त्याच्यावर सकाळचं भस्म अजून तसंच होतं.

आप्पा तराजू सोडून उठले आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"काखेत?" ते म्हणाले.

"नाभीच्या वर कुठं बी चालतंय आप्पा. गळाच पाह्यजे असं कुणी सांगितलंय? तुमीच स्वामींना इचारून बघा."

आप्पांना ते ठाऊक होतं. आमच्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं, फक्त कुणी तसं बांधत नाही. "मग इतकी वर्सं बोलला कामून न्हाईत? गावानं तुमाला काय काय म्हणलं. मी म्हणलं."

"कुणाला दाखवायला बांधलंय का त्ये?" सर म्हणाले, आणि साखरेच्या पोत्यावर बसले. मग पट्टी पुन्हा बांधता बांधता त्यांनी जे सांगितलं, ते तोवर त्यांच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"फौजेत गेलो तवा पळायला तेज व्हतो. रग्बीत घातलं. पंच म्हणला गळ्यातलं काढ. मी डबी पेटीत ठेवली आन् ह्ये काखेत लपवलं. लपवलं, तितंच चुकलं माझं. मग काय, चेंडू कायम उजव्या हातात. डावा हात उघडायची सोयच न्हाई. क्रिकेटमधी त्याचा फायदाच झाला, बॅटवाल्याला माझा हात कळायचा न्हाई. पण रग्बीत समोरच्यांनी वळखलं की ह्याची डावी बाजू बंद हाय." सरांनी पट्टीची गाठ ओढली. "फायनल व्हती. शेवटाला एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन माझ्या डावीकडनं आला. दोनी हात उघडून कवळायचं व्हतं, बस. उजवा गेला. डावा गेला न्हाई. मी ठरवून न्हाई ठेवला आप्पा, त्यो गेलाच न्हाई. गडी निसटला. सामना गेला. कप्तान म्हणला, घाबरलास तू. मी म्हणलो, हो साब."

एक गिऱ्हाईक गुळाचा खडा तोंडाशी धरून तसंच थांबलेलं.

"म्हागनं रग्बीतून नाव कापलं, क्रिकेटमधी राहिलं. हाताला तीच सवय पडली, मग त्ये बी काखेतच ऱ्हायलं. क्रिकेटनं लय दिलं मला, खोटं कशाला बोलू. पण डोळे मिटले की त्यो गडी आजून डावीकडनंच पळायलाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचे दोनी हात मोकळे पाह्यजेत मला. उतरवायचं न्हाई आन् लपवायचं बी न्हाई. बगर लपवता कसं खेळायचं त्ये मी काढतो शोधून. तुमी फकस्त हो म्हणा."

आप्पांनी एकदा सरांच्या काखेकडं बघितलं. मग तराजूकडं वळले. "सदरा घाला मास्तर, गिऱ्हाईक खोळंबलंय," ते म्हणाले. आणि मला म्हणाले, "चहा सांग गं मास्तरांना." आमच्या घरात ह्याचा अर्थ 'हो' असा होतो. मला तेव्हा सरांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी चहा सांगायला पळाले.

बाजाराच्या ओळीत एक टेलर चाचा होते. सरांनी त्यांना काम समजावून सांगितलं. अंगाला घट्ट बसेल अशी बंडी, तिच्या आतून काखेत कापसाची गादी, आणि त्या गादीच्या पोटात खिसा. चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मास्टर, बच्ची हात पूरा उप्पर करी, गिरी, लोटी, तो भी हिलना नक्को?"

"हिलना नक्को," सर म्हणाले.

लिंग घालून बघायचं धाडस कुणाचं होईल? आमी खिशात सुपारी घालायचो. पहिल्या बंडीतून सुपारी माझ्या पहिल्याच उडीला बाहेर आली आणि बोचक्यात हरवली. चाचांनी खिसा उलटा लावला. मग सुपारी राहिली, पण मला हात वर होईना. त्यांनी काखेत तिरकी पट्टी घातली. तेव्हा हात वर झाला आणि सुपारी पाठीवर गेली. चाचा हैराण झाले, माझ्या बरगड्या सोलल्या, सुपाऱ्या तर आप्पांनी मोजायच्या सोडून दिल्या. सर रोज तेच म्हणायचे, "उसव, पुन्हा शीव." चाचा म्हणायचे, "ईद के कपडे पडे हैं मास्टर!" आणि उसवायचे. शेवटी एके दिवशी मी खळ्यावर सगळ्या बोचक्यांवरून आडवी-तिडवी पडले, दोन्ही हात वर करून नाचले, आणि सुपारी जागची हलली नाही. चाचांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून सरांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "अब ये तुमीच पेहनो." घरी जाताना मला हळूच म्हणाले, मास्टरनं दोन शिवायला सांगितल्यात. मला वाटलं, एक धुवायला पडली तर दुसरी असावी.

निवडीच्या सामन्याला पंच त्याच बाई होत्या. मी ओळीत उभी होते, गळा रिकामा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं निघाल्या. मी तशीच उभी राहिले असते तर काही झालंच नसतं. पण सर रेषा ओलांडून आले.

"बाई, हिचं लिंग हिच्या काखेत हाय. कापसाच्या गादीत बसवलंय. वरून दाबून बघा. टोचलं तर आमी म्हागं जातो."

बाईंनी दाबून बघितलं. मला डाव्या अंगावर पडायला लावलं. समोरच्या संघातल्या पोरीला माझ्यावर खांदा मारायला सांगितलं आणि विचारलं, "लागलं काही?" ती म्हणाली, "न्हाई बाई, उशीच हाय." बाईंनी थोडा विचार केला. "खेळ," त्या म्हणाल्या. "पण सुटून बाहेर आलं तर तूही बाहेर." रेषेपलीकडं आप्पा उभे होते. बाजाराचा दिवस असून दुकान बंद करून आले होते, आणि त्यांचा हात स्वतःच्या गळ्यातल्या डबीवर होता.

सामना कसा झाला ते सगळं सांगत बसत नाही. शेवटाला आमी थोड्याशाच गुणांनी पुढं होतो. समोरच्यांची एक उंच पोर होती, सगळ्यांत वेगवान. तिनं चेंडू घेतला, आमच्या दोघींना चुकवलं आणि मोकळी निघाली. मागच्या रेषेपलीकडं जाऊन तिनं चेंडू जमिनीला टेकवला की सामना गेला. मधे मी एकटी. आणि ती आली ती माझ्या डावीकडनं.

सर काही ओरडले नाहीत. एरवी सगळं मैदान डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या वेळी रेषेवरून त्यांचा आवाज आला नाही. मला काखेतलं वजन जाणवलं, सुपारीपेक्षा जड. क्षणभर कोपर आत यायला लागलं. मग कापसाची बोचकी आठवली आणि मी उडी घेतली. उजवा हात गेला, डावा गेला, दोन्ही तिच्या मांड्यांभोवती जाऊन एकमेकांना भेटले. आमी दोघी धाडकन मातीत आदळलो. चेंडू तिच्या हातून सुटून रेषेच्या अलीकडंच गडगडला. लांब शिट्टी झाली.

मी उठायच्या आधी काख चाचपली. होतं, जिथल्या तिथं. मग रेषेकडं बघितलं. आप्पा डबी कपाळाला लावून उभे होते. त्यांच्या शेजारी सर, आणि सरांचे दोन्ही हात वर होते. डावासुद्धा, पार कानाला लागलेला, बोटं ताणून. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत घसरली होती आणि आतून चाचांच्या बंडीचं पांढरं कापड दिसत होतं. दुसरी कुणासाठी होती ते मला तेव्हा कळलं. आमच्या पोरी जिंकल्याचं नाचणं सोडून त्या हाताकडंच बघत राहिल्या.

मी पळत गेले. तोवर त्यांनी हात खाली घेतला होता आणि उजव्या हातानं खांदा चोळत होते. डोळे भरलेले, चेहरा वाकडा.

"लागलं का सर?" मी विचारलं.

"न्हाई गं माय," ते म्हणाले. "खांदा भरून आलाय. सवय न्हाई त्याला."